शेरलॉक होम्सचे गुरुजी

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त दिल्ली येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी विषय कळवला तेव्हा संयोजकांपैकी एकांनी अतिशय सौजन्याने विचारले, की हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावर गुप्तहेराचे काय काम? प्रश्न रास्त होता. गुप्तहेर म्हटला की खून, दरोडा, विष आणि काळोख्या गल्ल्या डोळ्यांपुढे येतात, आणि शाळेच्या आवारात यांपैकी कशालाच जागा नसावी. परंतु जगातल्या या सर्वांत प्रसिद्ध गुप्तहेराचा जन्म पोलीस ठाण्यात झालेला नाही. तो एका शिक्षकाच्या तासाला, त्या शिक्षकाकडे टक लावून पाहणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या मनात झाला. माझ्या मते शेरलॉक होम्स ही विद्यार्थ्याने गुरूला दिलेली दक्षिणा आहे, आणि म्हणूनच तो विषय मी येथे आणला.

आपल्यापैकी पुष्कळांची होम्सशी पहिली ओळख भालबा केळकरांनी मराठीत आणलेल्या कथांतून झाली असेल. त्याआधीच्या पिढीने बाबूराव अर्नाळकरांचे धनंजय आणि छोटू वाचले. महाराष्ट्रापासून दूर राहणाऱ्या घरांत सुटीहून परतताना ट्रंकेत लोणच्याच्या बरणीशेजारी अशी चार पुस्तके येत असत. होम्सकथेचा पहिला धागाही आपल्या मुलखाला स्पर्शून जातो, हे मात्र सहसा कुणाच्या ध्यानात राहत नाही. 'अ स्टडी इन स्कार्लेट' या पहिल्या कादंबरीत डॉक्टर वॉटसन लष्करी वैद्य म्हणून हिंदुस्थानात येतो, तो मुंबईच्या बंदरात उतरतो. तेथून तो अफगाणिस्तानच्या युद्धावर जातो, 1880 च्या मैवंदच्या लढाईत जखमी होतो, पेशावरच्या रुग्णालयात विषमज्वराने खंगतो आणि शेवटी लंडनला परततो. त्या लढाईत मुंबई इलाख्याच्या पलटणीही होत्या. लंडनमध्ये होम्सची आणि त्याची गाठ पडते आणि हस्तांदोलन होते न होते तोच होम्स त्याला सांगतो, की आपण अफगाणिस्तानात होता असे दिसते. वॉटसन थक्क होतो. त्याच्याबरोबर जगभरचे वाचक गेली सव्वाशेहून अधिक वर्षे थक्क होत आले आहेत.

हा चमत्कार आर्थर कॉनन डॉयल यांना सुचला कोठून? त्यासाठी आपल्याला लंडन सोडून स्कॉटलंडमधील एडिंबरा शहरात जावे लागेल. डॉयल यांचा जन्म तेथेच 1859 मध्ये झाला आणि 1876 मध्ये त्यांनी तेथील विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणासाठी प्रवेश घेतला. घरची परिस्थिती ओढगस्तीची होती. शिक्षकांपैकी बहुतेकजण व्यासपीठावरून व्याख्यान देऊन निघून जात, आणि विद्यार्थ्याशी त्यांचा संबंध तेवढाच असे. अपवाद होता जोसेफ बेल या शल्यविशारदाचा. बेल 1837 सालचा, म्हणजे त्या वेळी चाळिशीच्या उंबरठ्यावरचा. सडपातळ, धारदार नाकाचा, तीक्ष्ण डोळ्यांचा. त्याने डॉयलला आपल्या बाह्यरुग्ण विभागात मदतनीस नेमले. रुग्णांना ओळीने बसवायचे, प्रत्येकाची थोडक्यात माहिती टिपायची आणि एकेकाला आत सोडायचे, एवढेच त्याचे काम. डॉयलने पुढे लिहिले आहे, की आपण प्रश्न विचारून जेवढे टिपत असू, त्यापेक्षा अधिक बेलला रुग्णाकडे नुसते पाहून कळत असे.

एकदा साध्या कपड्यांतला एक माणूस आत आला. बेलने त्याच्याकडे पाहिले आणि विचारले, की तू सैन्यात होतास ना? होय. डोंगराळ प्रदेशातल्या स्कॉटिश पलटणीत? होय. नुकताच सुटलास? होय. हुद्दा शिपायाच्या वरचा, पण अधिकाऱ्याच्या खालचा? होय. आणि तुझी पलटण बार्बेडोस बेटावर होती? त्यालाही होकार आला. विद्यार्थी अवाक झाले. मग बेलने उलगडा केला. हा माणूस अदबीने वागतो आहे, पण त्याने टोपी काढली नाही. सैन्यात टोपी काढत नाहीत, आणि सैन्य सोडून बरेच दिवस झाले असते तर नागरी रीत त्याच्या अंगवळणी पडली असती. चालण्याबोलण्यात हुकमत आहे. तो स्कॉटिश आहे हे उघडच आहे. आणि त्याचे दुखणे हत्तीपायाचे आहे. तो रोग ब्रिटनमध्ये होत नाही, वेस्ट इंडीजमध्ये होतो.

बार्बेडोसच्या जागी अफगाणिस्तान घाला, हत्तीपायाच्या जागी उन्हाने रापलेला चेहरा आणि जखमेने आखडलेला हात घाला, म्हणजे होम्स आणि वॉटसन यांची पहिली भेट तयार होते.

बेलची दुसरी गोष्टही अशीच सांगितली जाते. एक बाई लहान मुलाला घेऊन आली. बेलने विचारले, की बर्नटायलंडहून येताना समुद्र कसा होता? मग कोणत्या रस्त्याने चालत आलीस, ते त्यानेच सांगितले. दुसरे मूल कोणाकडे ठेवलेस? आणि अजून लिनोलियमच्या कारखान्यातच कामाला आहेस ना? बाईची बोली फाइफ परगण्याची होती, आणि तेथून येणारी नाव बर्नटायलंडहून सुटते. तिच्या बुटांना लागलेली तांबडी माती त्या परिसरात एका विशिष्ट बागेपाशीच सापडते. हातातला मुलाचा कोट कडेवरच्या मुलाच्या मानाने मोठा होता. उजव्या हाताच्या बोटांवर जे चट्टे होते, ते लिनोलियमचे काम करणाऱ्यांनाच होतात.

येथे थोडे थांबावेसे वाटते. बोलीवरून गाव ओळखणे ही काही परदेशी विद्या नव्हे. या शहरात आपण हिंदीत एक वाक्य बोललो की रिक्षावाला मागे वळून 'महाराष्ट्र से?' असे विचारतो, तेव्हा तोही नकळत बेलचाच शिष्य असतो. बेलचे वैशिष्ट्य असे, की तो अशा अंदाजांवर कधी समाधान मानत नसे. प्रत्येक अंदाजामागे त्याला ज्ञानाचा आधार लागे. आपल्या न्यायशास्त्रात धूर पाहून अग्नीचे अनुमान करतात, पण ते अनुमान ग्राह्य ठरते ते धूर आणि अग्नी यांच्यातली व्याप्ती आधी सिद्ध असल्यामुळे. तांबडी माती पाहणारे पुष्कळ असतील. ती कोठे सापडते हे ज्याला ठाऊक होते, त्यालाच ती बोलली. हातांवरचे घट्टे, कापडाची वीण, खलाशाच्या अंगावरचे गोंदण, चालण्याची ढब या साऱ्यांचा बेलने अभ्यास केला होता. होम्सने निरनिराळ्या तंबाखूंच्या राखेवर प्रबंध लिहिल्याचे वाचून आपण हसतो, पण त्यामागे ही शिस्त आहे.

विद्यार्थ्यांना ही शिस्त लावण्याची बेलची एक युक्ती प्रसिद्ध आहे. तो एका अतिशय कडू द्रवाची बाटली घेई, त्यात बोट बुडवी, बोट तोंडात घाली, आणि मग ती बाटली वर्गात फिरवी. विद्यार्थी बिचारे आज्ञाधारकपणे बोट बुडवून चाटत आणि तोंडे वाकडी करीत. सर्वांचे झाल्यावर बेल शांतपणे सांगे, की मी बुडवले ते एक बोट होते आणि चाटले ते दुसरे. आजचे पालक अशा शिक्षकाविरुद्ध तक्रार करतील की काय, याची मला थोडी धास्ती वाटते. पण तो धडा विसरणारा विद्यार्थी निघाला नसेल.

एडिंबरात बेल एकटा नव्हता. रॉबर्ट क्रिस्टिसन हे विषशास्त्राचे प्राध्यापक तेथेच होते. 1828 च्या सुमारास बर्क आणि हेअर या दोघांनी शवविच्छेदनासाठी प्रेते विकता यावीत म्हणून माणसे मारली. त्या खटल्याच्या वेळी मृत्यूनंतर अंगावर वळ उठतात का, हे क्रिस्टिसन यांनी प्रयोग करून तपासले होते. आता आठवा, पहिल्या कादंबरीत होम्सची ओळख करून देताना काय सांगितले आहे? हा गृहस्थ शवागारात प्रेतांना काठीने मारतो, मृत्यूनंतर वळ उठतात का ते पाहण्यासाठी. क्रिस्टिसन यांनी विषारी वनस्पतीचा प्रयोग स्वतःवरही केला होता. डॉयल यांनी विद्यार्थिदशेत जेल्सेमियम या औषधाची मात्रा स्वतःवर वाढवत नेऊन पाहिली आणि त्याचा वृत्तान्त 1879 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलला धाडला. त्याच शहरात हेन्री लिटलजॉन हे पोलिसांचे वैद्यक सल्लागार होते. 1893 च्या आर्डलॅमॉंट खून खटल्यात बेल आणि लिटलजॉन या दोघांनीही सरकार पक्षाकडून साक्ष दिली.

जिवंत माणसांविषयी इतके बोलल्यावर आता पुस्तकांकडे वळतो, कारण नुसत्या गुरूच्या आठवणीतून कथा उभी राहत नाही. कथेचा साचा डॉयल यांना एडगर ॲलन पो या अमेरिकन लेखकाकडून मिळाला. 1841 मध्ये पो यांनी पॅरिसच्या एका काल्पनिक गल्लीतील दुहेरी खुनाची कथा लिहिली आणि द्यूपँ नावाचा बुद्धिमान, एकांतप्रिय तपास करणारा जन्माला घातला. त्याच्या करामती सांगणारा निनावी मित्र, गोंधळलेले पोलीस, शेवटी खुर्चीत बसून केलेला उलगडा, सारे तेथेच आहे. पो यांच्या एका कथेत चोरलेले पत्र परत मिळवण्यासाठी द्यूपँ रस्त्यावर मुद्दाम गोंधळ घडवून आणतो आणि त्या गडबडीत आपला डाव साधतो. होम्सच्या पहिल्या लघुकथेत, 1891 च्या 'अ स्कँडल इन बोहेमिया'त, लपवलेले छायाचित्र शोधण्यासाठी आगीची खोटी हूल उठवली जाते. उसनवारी स्पष्ट आहे, आणि डॉयल यांनी ती कधी लपवली नाही. 1909 मध्ये पो यांच्या जन्मशताब्दीनिमित्त लंडनला जो भोजनसमारंभ झाला, त्याचे अध्यक्षस्थान त्यांनीच भूषवले. दुसरे ऋण फ्रेंच कादंबरीकार एमिल गाबोरियो यांचे. त्यांचा लकॉक हा पोलीस अधिकारी बर्फातल्या पावलांवरून माणसांच्या हालचाली वाचतो. आधी गुन्ह्याचा तपास आणि मग मागे जाऊन गुन्हेगाराची जुनी कहाणी, ही 'अ स्टडी इन स्कार्लेट'ची रचना गाबोरियो यांच्याच वळणाची आहे. गंमत अशी, की त्याच कादंबरीत होम्स द्यूपँला सामान्य आणि लकॉकला गबाळा ठरवतो! एका टीकाकाराने यावरून डॉयल यांना कृतघ्न म्हटले, तेव्हा निर्माता आणि त्याची बाहुली एक नव्हेत, असे उत्तर डॉयल यांनी चक्क पद्यात दिले.

या साहित्यिक वंशावळीचे एक मूळ मात्र आपल्या अगदी जवळ आहे. हरवलेल्या उंटाला न पाहताच तो एका डोळ्याने आंधळा, एका पायाने लंगडा आणि एक दात पडलेला आहे असे सांगणाऱ्या तीन राजपुत्रांची गोष्ट आपण लहानपणी कोठे ना कोठे ऐकलेली असते. एकाच बाजूचे गवत खाल्लेले, एका पायाचा ओढल्याचा माग, चघळून पडलेले घासाचे तुकडे, यांवरून त्यांनी ते ताडलेले असते. ही गोष्ट अमीर खुसरो यांनी 1302 च्या सुमारास 'हश्त बिहिश्त' या फारसी काव्यात सांगितली. ती 1557 मध्ये व्हेनिसला इटालियन वेशात प्रकट झाली, तेथून फ्रेंचमध्ये गेली, आणि अठराव्या शतकात व्हॉल्तेअर यांनी 'झादिग'मध्ये उंटाच्या जागी राणीची कुत्री आणि राजाचा घोडा आणून तीच युक्ती वापरली. 1880 मध्ये शास्त्रज्ञ हक्सली यांनी झादिगच्या पद्धतीवर व्याख्यान देऊन दाखवून दिले, की भूगर्भशास्त्र आणि प्राचीन जीवांचे शास्त्र याच रीतीने मागे जाऊन विचार करतात. डॉयल तेव्हा एडिंबरात वैद्यक शिकत होते. होम्सने ती उंटाची गोष्ट वाचली होती असा दावा मी करणार नाही. परंतु निजामुद्दीनच्या दर्ग्यात खुसरोंच्या कबरीपाशी जाल, तेव्हा बेकर स्ट्रीटच्या एका दूरच्या पूर्वजाचे दर्शन घेतो आहोत, असे मनात आणायला हरकत नाही.

आता मूळ प्रश्न. होम्समध्ये बेल किती? डॉयल यांनी 1892 मध्ये बेलला लिहिले, की होम्सचे श्रेय निःसंशय तुमचेच आहे. आणि 'द ॲडव्हेंचर्स ऑफ शेरलॉक होम्स' हा पहिला कथासंग्रह त्यांनी बेललाच अर्पण केला. दूर सामोआ बेटावर आजारपणात राहणारे रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हेही एडिंबराचेच. 1893 मध्ये त्यांनी कथा वाचून डॉयल यांना विचारले, की हा माझा जुना मित्र जो बेल तर नव्हे? म्हणजे ओळखणाऱ्यांनी ओळखले होते. बेलने मात्र श्रेय परतवले. तू स्वतःच शेरलॉक होम्स आहेस आणि तुला ते ठाऊक आहे, अशा आशयाचे उत्तर त्याने आपल्या शिष्याला लिहिले. आपल्यापासून मिळालेल्या थोडक्यातून डॉयलने पुष्कळ निर्माण केले, असेही त्याने अन्यत्र नमूद केले.

पुष्कळ अभ्यासक याला गुरूचा विनय समजतात. मला ते तसे वाटत नाही; बेल सहसा अचूक निदान करी, आणि येथेही त्याने तेच केले. होम्सचे व्हायोलिन, त्याचे व्यसन, त्याची आत्मप्रौढी, बुद्धीला काम नसले की त्याला ग्रासणारे औदासीन्य, यातले काहीही त्या धर्मनिष्ठ, शिस्तप्रिय शल्यविशारदाचे नव्हते. आणि बेलचे निदान खरे ठरले ते पंधरा वर्षांनी, एका मुंबईकर पारशाच्या मुलामुळे.

शापुरजी एदलजी हे मुंबईचे पारशी. ख्रिस्ती होऊन ते इंग्लंडला गेले आणि 1876 पासून स्टॅफर्डशायरमधील ग्रेट वर्ली या खेड्यात धर्मोपदेशक झाले. पत्नी इंग्रज होती. थोरला मुलगा जॉर्ज अबोल, अभ्यासू, पेशाने वकील. रेल्वे प्रवाशांच्या हक्कांवर त्याने छोटे पुस्तकही लिहिले होते. इंग्लंडच्या खेड्यात सावळ्या वर्णाचे धर्मोपदेशकाचे कुटुंब असणे किती जणांना खुपत होते, हे त्यांना वर्षानुवर्षे येणाऱ्या निनावी पत्रांवरून कळते. परमुलखात घर करून राहिलेल्या आपल्यासारख्यांना त्या घरातली शांतता कशी असेल, याची कल्पना करता येईल. 1903 मध्ये त्या भागात रात्री गुरांना आणि घोड्यांना कोणी तरी चिरून टाकू लागले. पोलिसांनी जॉर्जला पकडले. न्यायालयाने त्याला सात वर्षांची सक्तमजुरी सुनावली. तो तुरुंगात असतानाही जनावरे जखमी होतच राहिली. शिक्षेविरुद्ध सुमारे दहा हजार लोकांनी अर्जावर सह्या केल्या, आणि तीन वर्षांनी, 1906 मध्ये, त्याला काही कारण न देता सोडण्यात आले. निर्दोष मात्र ठरवले नाही. त्यामुळे वकिलीही गेली.

त्याने डॉयल यांना लिहिले. 1907 च्या जानेवारीत लंडनच्या एका हॉटेलात दोघे भेटायचे ठरले. डॉयल यांना उशीर झाला. ते आले तेव्हा जॉर्ज वर्तमानपत्र वाचत बसला होता. कागद डोळ्यांच्या अगदी जवळ आणि किंचित तिरका धरून. डॉयल दारातच थांबून पाहत राहिले. येथे एक गोष्ट सांगायला हवी. 1891 मध्ये डॉयल यांनी लंडनला नेत्रचिकित्सेचा दवाखाना थाटला होता, आणि तेथे एकही रुग्ण फिरकला नाही असे त्यांनी स्वतःच लिहिले आहे. त्या रिकाम्या वेळात होम्सच्या कथा लिहिल्या गेल्या. सोळा वर्षांनी, त्या हॉटेलात, त्यांच्या नेत्रविद्येला अखेर रुग्ण मिळाला. एवढी तीव्र लघुदृष्टी असलेला माणूस अंधाऱ्या, पावसाळी रात्री रेल्वेचे रूळ ओलांडून, कुंपणे चुकवून, पहारेकऱ्यांच्या नजरेतून निसटून कुरणात घोडा गाठेल, हे अशक्य होते.

माझ्या दृष्टीने या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हा, की जॉर्जचे डोळे पोलिसांनीही पाहिले होते. जाड भिंगाशिवाय वटारल्यासारखी दिसणारी ती नजर सावळ्या चेहऱ्यावर पाहून खेड्याने तिला क्रूर ठरवले. परगण्याच्या पोलीसप्रमुखांचा पूर्वग्रह तर उघड होता. डॉयल यांनी तेच डोळे पाहिले आणि त्यांना आजार दिसला. चिन्ह एकच, अनुमाने दोन. एकाच्या मागे व्याप्ती होती. दुसरा शुद्ध हेत्वाभास होता, पण त्याच्या बाजूला पंच, न्यायाधीश आणि तुरुंग होते. बेलची विद्या किती गंभीर गोष्ट आहे, आणि ती अर्धवट येणे किती भयंकर आहे, हे मला होम्सच्या कोणत्याही कथेपेक्षा या खटल्यात अधिक जाणवते.

डॉयल स्वतः ग्रेट वर्लीला गेले, रस्ते चालले, कागदपत्रे तपासली. जॉर्जच्या बुटांवरचा चिखल त्या कुरणातल्या मातीचा नव्हता, हे त्यांनी दाखवले. त्या फाइफच्या बाईच्या बुटांची तांबडी माती येथे पुन्हा भेटते. त्याच महिन्यात 'डेली टेलिग्राफ'मध्ये त्यांचे लेख आले आणि देशभर खळबळ उडाली. मे 1907 मध्ये सरकारने जॉर्जला घोडा जखमी केल्याच्या आरोपातून माफी दिली, मात्र निनावी पत्रे त्यानेच लिहिली असा ठपका कायम ठेवून भरपाई नाकारली. डॉयल अखेरपर्यंत त्यावर संतापलेले होते. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फौजदारी अपिलाचे न्यायालय स्थापन झाले; त्यामागे जी प्रकरणे होती, त्यांत एदलजीचे एक होते. वकिलांच्या यादीत जॉर्जचे नाव पुन्हा घातले गेले आणि 1953 मध्ये मरेपर्यंत तो आपल्या पेशात राहिला.

1907 च्या सप्टेंबरमध्ये डॉयल यांचा दुसरा विवाह झाला. स्वागतसमारंभाला लेखक, संपादक, लंडनचे प्रतिष्ठित असे पुष्कळ पाहुणे होते. मुंबईच्या शापुरजींचा मुलगा जॉर्ज एदलजी त्यांत होता, आणि त्या दिवशी आलेल्या पाहुण्यांत याच्याइतका अभिमान आपल्याला दुसऱ्या कोणाच्या येण्याचा वाटला नाही, अशी नोंद डॉयल यांनी आपल्या आत्मचरित्रात केली आहे.